दादाचं ढेकूळ

वाफसा, म्हणजे मातीतली नांगरणी-पेरणीजोगी ओल, ओळखायला धाकट्या भावाला दादानेच शिकवलं होतं. पण लोक सल्ला धाकट्यालाच विचारत, आणि दादाच्या पोटात दुखे. यंदा त्याच्या आधी पेरायचंच, म्हणून दादाने ओलं रान नांगरून टाकलं.

आज सभेत धाकटा शेतकऱ्यांना सांगत होता, "मूठभर माती दाबून खाली टाका. फुटली तर वाफसा आला. गोळाच राहिला तर थांबा."

शब्द दादाचे, टाळ्या धाकट्याला. मागच्या रांगेत दादा धुमसत होता.

"आणि घाई केली तर?" कुणीतरी विचारलं.

धाकट्याने पिशवीतून दगडासारखं ढेकूळ काढून दाखवलं. कुणाच्या रानातलं, ते सांगितलं नाही.

सांगितलं असतं, तर दादाला निदान भांडता तरी आलं असतं.