पानांचा उपास

"उपास सोडला का त्यांचा?"

सकाळी विभागात पाऊल टाकताच आमच्या बाई हे विचारायच्या. नव्या माणसाला वाटायचं, घरी कुणी कडक सासूबाई असतील. उपास असायचा कुंडीतल्या रोपांचा.

बाई बडोद्यात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि नव्वदच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. पानातल्या हिरव्या कणांना, म्हणजे हरितलवकांना, स्वतःचा वेगळा डीएनए असतो. तो नीट काढायचा तर पानात साठलेला स्टार्च आधी संपावा लागतो, म्हणून रोपं दोन दिवस काळोखात ठेवायची. त्यासाठी एक जुनं लाकडी कपाट होतं, आतून काळं कापड लावलेलं. तिसऱ्या दिवशी थोडी पानं तोडून खलात वाटायची आणि कुंडी परत उन्हात. वाटणाऱ्याची नखं पुढे आठवडाभर हिरवी राहत. बाईंची तर बारमाही. लग्नकार्यात त्या हात पदराखाली धरून बसायच्या.

रोपं कपाटात असली की बाईही जेवत नसत. दोन दिवस नुसता चहा.

"त्यांना उपाशी ठेवून मी श्रीखंड हाणू? शोभतं का?"

आम्ही खूप चिडवायचो. पण तिसऱ्या दिवशी सगळ्यांना सेव-उसळ त्याच खाऊ घालायच्या आणि चमच्यातला वाटाणा डोळ्यांसमोर धरून सांगायच्या, "ह्याचे प्रताप ऐका. हरितलवकाच्या डीएनएतला एक मोठा तुकडा बहुतेक झाडांकडे दोनदा असतो. शेंगांच्या कुळात कुण्या एका पणजीनं त्यातला एक हरवला. तेव्हापासून वाटाणा, हरभरा, मेथी, कुणालाच तो मिळाला नाही. आणि तरी बघा, गडी मजेत आहे!" मग तो मजेतला गडी त्या गट्टम करायच्या.

त्या पणजीचा शोध हेच बाईंचं आयुष्य होतं. लग्न केलं नाही, घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या घरात भाऊ-वहिनींबरोबर राहिल्या. निवृत्तीला वर्ष उरलं असताना पंचमहालातल्या एका टेकडीवर त्यांना एक रानवेल सापडली. हरवण्याआधीची की नंतरची, रूपावरून काही सांगता येईना. मिळाली पाच बियांची एक शेंग. त्यातली एकच बी उगवली. बाई रोज त्या कुंडीशी जाऊन विचारायच्या, "काय गं, एक का दोन?"

वेलीला पुरेशी पानं आली तेव्हा मे महिना होता. बाईंनी स्वतःच्या हातानं कुंडी कपाटात ठेवली. त्याच संध्याकाळी जिन्यात कोसळल्या. हृदय.

मग माझी धावपळ सुरू झाली. तरसालीच्या माझ्या घरून डबा, दवाखाना, औषधं, रात्री घर. विभागाकडे मी फिरकलेच नाही. सातव्या दिवशी वहिनी दारातच भेटल्या. "अगं, अन्नाला शिवतच नाहीत. नळी लावून सलाइन चाललंय. डॉक्टर म्हणतात, मन घट्ट करून खायला हवं." आत नर्स विनवत होती, "बा, आजे तो अगियारस पण नथी!" आज एकादशीसुद्धा नाही, मग उपास कसला?

मला पाहून बाईंनी मान माझ्याकडे वळवली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"उपास सोडला का तिचा?"

कुंडी कपाटातच होती. सात दिवस, काळोखात, पाण्याविना.

"सोडला, बाई," मी म्हणाले. "तिसऱ्याच दिवशी. पानं वाटून झाली. वेल उन्हात ठेवलीय, छान आहे."

बाईंनी हात पुढे केला. मी तो धरला. त्यांनीही माझा हात धरला, उलटा केला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, खिचडी आणलीत ना? द्या. सुटला उपास."

तीन चमचे खाल्ले त्यांनी. वहिनींना रडू आवरेना. मी तशीच विभागात धावले आणि कपाट उघडलं. वेल पांढरी पडली होती, दोऱ्यासारखी लांब वाढून दाराच्या फटीपर्यंत आली होती. तिथे उजेडाची एक बारीक रेघ येत होती. वेलीचं टोक त्या रेघेवर सुकलेलं होतं.

दोन दिवसांनी बाई गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात मी त्या टेकडीवर गेले. टेकडी निम्मी राहिली होती, खडी काढण्याचं काम चालू होतं. नंतरही दोनदा गेले. वेल पुन्हा सापडली नाही. बाईंच्या वहीत तिच्या नावापुढचा रकाना आजही कोरा आहे. आता यंत्रं अख्खा डीएनए वाचून देतात, पण वाचायला पान तर हवं.

बाई गेल्यावर काही आठवडे मला एकच समाधान होतं, की बाई माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून सुखानं गेल्या. मग त्याच वर्षी जुलैत मी पुन्हा कामाला लागले. मेथीची पानं वाटली, खल धुतला, साबणानं दोनदा हात धुतले. नखं हिरवीच होती. मी बेसिनशी उभी राहून ती पाहत होते आणि दवाखान्यात बाईंनी माझ्या हातावर काय शोधलं ते मला तेव्हा उमगलं.

त्या दिवशी माझी नखं स्वच्छ होती. बाईंना सगळं कळलं होतं. तरी त्यांनी खिचडी मागून घेतली होती, आणि मी बघत असताना तीन चमचे खाल्ली होती.