गोळाभाताचे तीन घास

ऑपरेशननंतर मी एक वही केली. डाव्या पानावर काय खाल्लं ते, उजव्या पानावर पोट किती वेळानं फुगलं आणि किती वेळ दुखलं ते. वजन कमी करण्यासाठी नागपूरला जठराचा मोठा भाग काढून टाकला होता. पोट लहान झालं, गॅस मात्र वाढला. दोन महिन्यांत नियम पक्के झाले. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं घोट घोट. घास अगदी मऊ होईपर्यंत चावायचा. सोडा, कोबी, हरभऱ्याची डाळ बंद. जेवल्यावर बसायचं नाही, चालायचं. पांढुर्ण्याच्या ऑफिसात मी डबा खाऊन व्हरांड्यात फेऱ्या मारायचे. "मॅडम राउंडवर निघाल्या," असं सगळे म्हणायचे.

ऑपरेशनचं कोणाला सांगायचं, याचीही यादी होती. नवरा, भाऊ, वहिनी. आईचं नाव नव्हतं. तिला सांगितलं, पित्ताचे खडे काढले. ती रडली असती, असं मी सगळ्यांना कारण दिलं. खरं म्हणजे तिचं ऐकून घ्यायला मला वेळ नव्हता. वहिनीला मात्र मी आईला काही न सांगण्याची शपथ घातली.

सौंसरला माहेरी गेले की आई गोळाभात करायची. भातात हरभऱ्याच्या डाळीचे गोळे, वरून कढत तेल. नाही म्हणता यायचं नाही. मी तीन घास खायचे आणि ताट सरकवायचे. दीड वर्ष असंच चाललं. मधे आई जामसावळीच्या देवळात जाऊन माझ्या भुकेसाठी नवसही बोलून आली.

त्या रविवारी तिसऱ्या घासालाच छातीत कळ आली.

"काहून बाई, झालं? पहिले तर दोन ताटं जेवत होती."

"पोट भरलं," म्हणून मी गच्चीवर गेले. छातीवर हात ठेवून फेऱ्या मारत होते. खालच्या स्वयंपाकघरातून आवाज येत होते.

"काय बोलली तू तिले?" आई वहिनीला विचारत होती.

"मी काई नाई बोलली, आई."

"मंग माहेरी येऊन पोर उपाशी काहून जाऊन राहिली? दर खेपेले पाहून राहिली मी. नणंद जड झाली असन त सांग ना सरळ."

वहिनीला खरं सांगता येत नव्हतं. शपथ माझी होती. मी लगेच खाली जायला हवं होतं. पण ढेकर अजून सुटला नव्हता, म्हणून मी आणखी दोन फेऱ्या मारल्या.

थोड्या वेळानं वहिनी ओव्याचं पाणी घेऊन वर आली.

"ताई, तुमचं पोट किती वेळ दुखलं ते तुम्ही वहीत लिहिता. मी दीड वर्ष काय काय ऐकलं, त्याचं पान कुठं हाय?"

मी पाणी न पिता खाली गेले आणि आईला सगळं सांगितलं. ती कढई पुसत होती. पुसतच राहिली.

"म्हणजे मी रांधून राहिली, अन तू तरास होऊन गिळून राहिली?"

"हो."

"अन हिले माहीत होतं?"

"मीच सांगू नको म्हटलं होतं तिला."

ते तिनं ऐकलंच नाही. वहिनीकडे वळून म्हणाली, "घरात राहून लपवलं तू. माही पोर तरी दूर राहते."

पुढच्या खेपेला आईनं माझ्यासमोर मुगाच्या पातळ खिचडीची वाटी ठेवली. चार चमचे. "अजून घे" असं ती एकदाही म्हणाली नाही. जेवण झाल्यावर मी अंगणात नेहमीच्या फेऱ्या मारल्या, वही काढली आणि उजव्या पानावर लिहिलं: त्रास नाही.

आत वहिनी ओट्याशी, आमच्याकडे पाठ करून, उभ्यानंच जेवत होती. तिला कोणी बस म्हटलं नाही. मीही नाही.