दोन सुरांपुरतं गाणं

आमच्या डोंबिवलीच्या शाळेत गायनाचा तास होता. पण समूहगीत स्पर्धा जवळ आली की बाई पेटीवर 'सा' धरायच्या, एकेकाला तो लावायला सांगायच्या आणि वर्गाचे दोन भाग व्हायचे. गाणारी मुलं पेटीभोवती, उरलेले आम्ही मागच्या बाकांवर. "तुम्ही गणितं सोडवा रे, आवाज नको." स्पर्धा संपली तरी आम्ही मागेच, कारण पुढची स्पर्धा असायचीच. बाई वाईट नव्हत्या. ढाल मिळाली नाही तर गायनाचा तासच बंद होईल, अशी त्यांना धास्ती होती. आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटायचं. घरचा अभ्यास शाळेतच उरकायचा.

घरी गाणारे होते ते बाबा. कंपनीतून आल्यावर हातपाय धुताना गायचे. गणपतीत अख्ख्या बिल्डिंगच्या आरत्या तेच उचलायचे. माझ्या हातात झांज. "अरे, ताल धर! परात पडल्यासारखी काय वाजवतोस?" सगळे हसायचे, मीही हसायचो. त्यांच्याकडून काही शिकावं असं मला वाटलं नाही, आणि गणितात मार्क चांगले पडत होते म्हणून त्यांनीही आग्रह धरला नाही.

मी नोकरीला लागलो आणि नव्वदच्या दशकात कधीतरी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आई आधीच गेलेली, घरात आम्ही दोघंच. त्यांना समजायचं सगळं. काय हवं ते सांगायला जायचे आणि तोंडातून नुसतं "ते... ते..." यायचं. मग मी चादर, चष्मा, पेपर एकेक वस्तू उचलून दाखवायचो आणि ते मान हलवत राहायचे.

ठाण्याला वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. शीळफाट्यावरून रिक्षाने बाबांना तिथे नेलं. बाईंनी काही न विचारता एक आरती सुरू केली, आणि बाबांच्या तोंडून शब्द आले. अख्खी ओळ! मी खुर्चीतून उठलोच.

"गाण्यातले शब्द पुष्कळदा शाबूत राहतात," बाई म्हणाल्या. "आता त्याच वाटेने रोजचे शब्द आणायचे." त्यांनी बाबांचा डावा हात थोपटत म्हटलं, "पा-णी." पहिलं अक्षर खालच्या सुरात, दुसरं वरच्या. बाबांनी ओठ जुळवले. "पा-णी."

"हे घरी रोज करायचं. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. घरात गाणारं कोण आहे?"

"हेच," मी म्हणालो.

बाईंनी माझा हात बाबांच्या हातावर ठेवला. "मग तुम्ही करा. चांगलं गायला नको हो, दोन सूर लागले की पुरे."

घरी आल्यावर मी बाबांचा हात थोपटला आणि म्हटलं, "पा-णी." माझे दोन्ही सूर एकाच जागी पडले. मलाही ते कळलं, पण दुसरा वर कसा न्यायचा ते कळेना. जोर लावला तर आवाज मोठा झाला, सूर तिथेच. बाबा माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिले. मग म्हणाले, "ते... ते..."

आरतीची कॅसेट लावून पाहिली. ती त्यांच्यासाठी थांबायची नाही. त्यांचा एक शब्द जुळेपर्यंत पुढची दोन कडवी होऊन जायची आणि ते वैतागून डावा हात गादीवर आपटायचे. खालच्या मजल्यावरच्या काकू काही दिवस येत होत्या. "भावजी, लाजताय कसले? म्हणा, च-हा!" त्यांच्यामागून बाबा खरंच चहा म्हणाले, आणि काकूंनी खाली जाऊन चहा करून आणला. पुढे काकू मुलीच्या बाळंतपणाला गेल्या, आणि तो शब्द माझ्याकडून टिकला नाही.

मी रोज बसायचो. ऑफिसला जायच्या आधी, आल्यावर. बाबाही बिचारे रोज प्रयत्न करायचे. माझ्यासाठी करायचे, असं मला वाटे. अधूनमधून बाबांना ठाण्याला न्यायचो, पण तिथल्या बाई रागावल्या नाहीत. शेवटी शेवटी त्यांनी घरच्या सरावाबद्दल विचारणंच सोडून दिलं.

गायनाच्या तासाला पुढे बसलो असतो तर मी गवई झालो नसतो. दोन सूर वेगवेगळे काढता आले असते, एवढंच. शाळेत ते सगळ्यांना शिकवायला काय हरकत होती, असं मी आता लोकांना विचारतो. पण त्या वयात मलाच ते नको होतं, हे सांगताना जीभ अडखळते.

सुरुवातीचे महिने निघून गेले. बाबा त्यानंतर दोन-तीन वर्षं होते. बोलले नाहीत. कधी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असताना आतून त्यांचं गुणगुणणं ऐकू यायचं. शब्द नसायचे, पण सूर अगदी स्वच्छ. मी गॅस बंद करून धावत आत जायचो, हात थोपटायला. मला पाहिलं की ते थांबायचे. म्हणून मग मी आत जाणं सोडलं. दाराबाहेर भिंतीला टेकून उभा राहायचो, त्यांचं होईपर्यंत.