पिकअपची खडखड आणि मेस्त्रीची अब्रू

इंजिन बिघडलेलं गिऱ्हाईक गरीब असतं. मुकाट्यानं गाडी लावतं, बाकावर बसतं, चहा पितं. पण पुढच्या चाकातून आवाज येणारं गिऱ्हाईक आलं की समजायचं, आता करमणूक आहे! जाफराबादेत गॅरेज टाकून मला चौदा वर्षं झाली. जुने बुश आणि बॉलजॉइंट भंगारवाला नेतो, पण किस्से कोणी नेत नाही. ते साठतच जातात. त्यातल्या एका पिकअपनं तर माझी अब्रूच घालवायची बाकी ठेवली होती. तिच्याकडे येतोच.

*

पुढच्या चाकाचा आवाज कोणी नुसता सांगत नाही, करून दाखवतो. आमच्या एका गुरुजींची पिकअप आहे, मळ्यातला भाजीपाला वाहते. ते दोन्ही हात हवेत स्टिअरिंगसारखे धरतात, अंग डावीकडे झुकवतात आणि तोंडानं "घर्रर्र... कुईंऽऽ... टक्!" असं अख्खं वळण घेऊन दाखवतात.

एकदा मी विचारलं, "गुरुजी, टक् वळताना होतं का वळून झाल्यावर?"

गुरुजींनी डोळे मिटले. पुन्हा वाकून अर्धं वळण घेतलं आणि एकदम थांबले.

"थांबा मेस्त्री, मधी गियर टाकायचा राह्यला!"

*

काही गाड्या फार संस्कारी. घरापासून गॅरेजपर्यंत कोकलत येतात आणि माझ्या दारात गप्प. अन्सारभाई मिरची वाहतो. त्याची गाडी तशीच. मी चालवली, गप्प. खड्ड्यात घातली, गप्प. त्याच्याकडे स्टिअरिंग दिलं आणि मी शेजारी बसलो, तरी गप्प!

अन्सारभाई चिडून म्हणाला, "मेस्त्री, मी काय झूट बोलून राह्यलो का? तुम्हाला पाहून शानी झाली ही."

"मंग मी काय करू?"

त्यानं जरा विचार केला. "रोज सकाळी माझ्यासंग चलत जा ना!"

*

विष्णूच्या गाडीचे बुश कुरकुरत होते. दोन धातूंच्या मधे बसणारी ती रबरं. सुकली की बदलायची, एवढाच त्याचा इलाज. पण विष्णू स्वतःच्या डोक्यानं चालणारा माणूस. गाडी जॅकवर चढवली तर सगळ्या गॅरेजात भज्यांचा वास सुटला. पठ्ठ्यानं आठवडाभर रोज करडीचं तेल सोडलं होतं. रबरं फुगून बाहेर आलेली.

मी म्हणालो, "विष्णू, गाडी दुरुस्तीला आणली का तळायला?"

"काऊन? माझ्या मायच्या गुडघ्याला तर बराबर फरक पडला!"

*

एकाच्या गाडीचा आवाज मात्र खरंच बंद झाला होता. निदान त्याचं म्हणणं तसं होतं. ग्रीस मारायला आला आणि सहज म्हणाला, "महिनाभर खटखट व्हती मेस्त्री, आता बिलकुल नाही."

मी चाक उचललं, वरून-खालून धरून हलवलं, तर चाक बोटभर डुलत होतं. बॉलजॉइंट निखळायलाच आला होता. तो निखळला की चाक आडवं होतं आणि गाडी कुठं जाईल ते कोणाच्याच हातात राहत नाही. मग आवाज बंद कसा झाला? साहेबांनी सीटच्या मागं दोन मोठे स्पीकर बसवले होते!

आणि दुसऱ्या दिवशी याच गाडीतून तो वऱ्हाड नेणार होता. बायका, लेकरं, सगळे मागं उभे. माझं डोकंच फिरलं. चावी काढली आणि खिशात घातली.

"द्या ना मेस्त्री, जल्दी हाये."

"जॉइंट बदलल्याशिवाय चावी भेटत न्हाई. वऱ्हाडाच्या आधी चाक पोचवायचं का मांडवात?"

तासभर फुगून बसला. जॉइंट बसवून चावी हातात दिली, तर आधी स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता लावू का गाणे?"

*

आता भागवत. शाळेपासूनचा दोस्त, पिकअपवर कपाशी-सोयाबीन वाहतो. नव्या गाडीला चार महिने झाले आणि खड्डा आला की पुढून 'खडाक' वाजायला लागलं. मी लिंक रॉड बदलला. खडाक. बुश बदलले. खडाक. दोन्ही चाकं उचलून प्रत्येक सांधा हातानं चाचपला, एकही ढिला नाही. गाडी रस्त्यावर आली की पुन्हा खडाक!

चार चकरा झाल्या. दोस्त असला म्हणून काय झालं? स्टँडसमोरच्या हॉटेलात भागवत येईल त्याला सांगू लागला, "आपल्या मेस्त्रीला आवाज सापडून न्हाई राह्यला!" माझी तीन बांधलेली गिऱ्हाईकं भोकरदनला गेली. वरवर हसायचो, पण खरं सांगतो, मला जेवण गोड लागत नव्हतं.

पाचव्या खेपेला भागवतचे सासरे सोबत आले. धावड्याचे किसनमामा, पांढरी टोपी, हातात पिशवी. "पाहू द्या तरी कसला मेस्त्री हाये," असं रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले आणि बाकावर बसले. हॉटेलातली चार टाळकीही मजा पाहायला आली.

मी पुढचा बंपरच खोलला. आत, चॅसीच्या आडव्या पट्टीला, तारेनं बांधलेली घोड्याची नाल! तार ढिली पडलेली. खड्डा आला की नाल पट्टीवर आपटत होती.

इतका आनंद मला पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हाही झाला नव्हता. ओरडणारच होतो, तेवढ्यात भागवतनं माझा हात दाबला.

"हळू बोल. मामानं बांधेल हाये, दृष्ट लागू न्हाई म्हणून. माझ्या ध्यानातूनच गेलं व्हतं. नाल वाजती म्हणलं तर लई राग येईल त्याईला. मागं त्याईच्या आंब्याला आंबट म्हणलो, तर बायको दोन महिने माहेराला राह्यली!"

तो हात जोडून उभा. बाहेर चार टाळकी उभी. मी दात-ओठ खाल्ले, तार पक्कडीनं आवळली आणि बंपर बसवला. सगळ्यांना मागं बसवून चक्कर मारली. सगळे खड्डे झाले, आवाज नाही.

मामा उतरले. "कशात व्हता आवाज?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. भागवत जमिनीकडे पाहत होता.

"सापडला न्हाई मामा," मी म्हणालो. "पण गेला."

मामांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "आपोआप जातो काय? ह्या मेस्त्रीच्यानं काय व्हतंय! मी आतून नाल बांधून ठेवेल हाये, तिनं घालवला!"

मग पिशवीत हात घातला आणि दुसरी नाल काढून माझ्या हातावर ठेवली.

"ही गॅरेजाला बांधा मेस्त्री. गिऱ्हाईक तुटून राह्यलं म्हणे तुमचं."