सहादेवचं मागचं चाक

पडदा वर जातो तेव्हा सकाळचे सात वाजलेले आहेत. जागा सुप्याची, पुणे रस्त्याला लागून असलेलं मुरमाचं मोकळं मैदान. डावीकडे पत्र्याची चहाची टपरी. टपरीपुढे लांब बाक, आणि बाकावर तीन-चार प्रेक्षक, पुढच्या रांगेचं तिकीट काढून बसल्यासारखे. मधोमध निळा दहाचाकी ट्रक, चार कोपऱ्यांवर चार रिकामे ड्रम. उजवीकडून इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला माणूस येतो, ट्रकच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावतो आणि केबिनमध्ये चढतो. वय शेहेचाळीस. हा आपला सहादेव. मूळचा मिरजगावचा, पण अठरा वर्षं सुप्यातच भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा.

ट्रक निघतो, पहिल्या कोपऱ्यावर डावीकडे वळतो, आणि मागचं डावं चाक ड्रमला असं काही आडवं करतं की बाकावरून टाळ्या पडतात.

“वन्स मोअर!” कुणीतरी ओरडतं.

सहादेव खिडकीतून बाहेर बघून हसतो. माणूस मुळात असा, की पडला तरी धोतर झटकून पुढचं वाक्य घेणारा.

अठरा वर्षं त्याने सुप्याच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवली. पुढे दोन लोखंडी सुळे असलेली ती बुटकी गाडी. सुळे मालाखाली घालायचे, माल उचलायचा आणि ट्रकमध्ये अलगद नेऊन ठेवायचा. काचसामानाची खोकी तो अशी ठेवायचा, जशी आई झोपलेलं मूल पाळण्यात ठेवते. मग या वर्षी कारखान्यात एक नवीन गाडी आली. जमिनीवर आखलेली रेघ वाचत ती आपली आपण चालायची. चालवायला माणूस नाही, चहाची सुट्टी नाही. साहेबांनी सहादेवला बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि दिवाळीपर्यंतची मुदत दिली.

घरी जेवताना त्याने बायकोला, अश्विनीला, सांगितलं. तिने भाकरी वाढली आणि विचारलं, “अवो, एवढे ट्रक भरले तुमी, ते जातात कुठं ते कधी बघितलं का?”

“न्हाई.”

“मग जा की बघायला! तुमाला कुनी आडवलंय?”

झालं. दुसऱ्या दिवशी सहादेव रामहरी उस्तादांकडे हजर. चाळीस वर्षं ट्रक चालवून गुडघे गेले, म्हणून उस्ताद आता खाली उतरून शिकवत होते. त्यांची रीत जुन्या नाटक मंडळीसारखी होती. तिथे नवा नट आधी पडदा ओढायला शिकायचा, तोंडाला रंग नंतर. इथे पहिले आठ दिवस स्टिअरिंगला हात नाही. हातात एक लोखंडी सळई. तिने दहाही टायर ठोकायचे आणि आवाजावरून कुठल्या टायरात हवा कमी आहे ते सांगायचं. सहादेवने तिसऱ्याच दिवशी डोळे मिटून सांगितलं. उस्ताद खूश झाले.

मग त्यांनी त्याला केबिनमध्ये बसवलं, आणि नाटक पडलं.

सहादेव गिअर चुकत नव्हता, क्लच झटकत नव्हता. पण कोपरा आला की ड्रम आडवा! पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी, तोच कोपरा, तेच चाक.

“सहादेवा,” उस्ताद कपाळावर हात मारून म्हणाले, “नवी पोरं रोज नवी चूक करत्यात. तू रोज येकच करतोस, आन ती बी येवढ्या सफाईनं! ड्रमाशी तुजं काय वैर हाय का?”

गंमत चालली होती, पण गुरुवार जवळ येत होता. राजनंदिनी नावाच्या बाईंचे सुप्यात सहा ट्रक होते. त्यातल्या एकाचा ड्रायव्हर दिवाळीला कायमचा गावी परत जाणार होता. बाईंचा निरोप असा, की गुरुवारी मी स्वतः बघेन. माणूस पटला, तर पक्कं लायसन हातात येईपर्यंत जागा राखून ठेवीन. नाहीतर राहुरीचा एक जण तयार आहे. सहादेवला ती जागा हवी होती. या वयात नवशिक्याला आपली गाडी देणारा दुसरा मालक त्याला कुठे भेटणार होता?

शनिवारी संध्याकाळी तो मैदानावर एकटाच उकिडवा बसला. त्याने मुरमात काडीने ट्रकच्या चाकांची वाट काढली. शेजारी फोर्कलिफ्टची काढली. दोन्हींकडे बघत राहिला आणि एकदम मोठ्याने हसला.

रविवारी त्याने उस्तादांना कारखान्याच्या मागच्या आवारात नेलं. पहारेकरी ओळखीचा होता, सुपरवायझरची परवानगी काढलेली होती. कोपऱ्यावर उजव्या हाताला रिकाम्या खोक्यांची एक थप्पी रचून ठेवलेली होती.

“उस्ताद, बसा. येवढा येक कोपरा घ्या फक्त.”

“ही खेळण्यातली गाडी?” उस्ताद मिशीला पीळ देत चढले. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी गाडी कोपऱ्याच्या चांगली पुढे नेली आणि मग डावीकडे वळवली. तशी फोर्कलिफ्टची मागची बाजू उजवीकडे गर्रकन फिरली आणि सगळी थप्पी उस्तादांच्या अंगावर कोसळली. खोक्यांच्या ढिगातून फक्त टोपी दिसत होती.

“आरं, हिचं मागचं वळतंय की!” टोपीखालून आवाज आला.

“व्हय उस्ताद. हिची मागची चाकं वळत्यात. म्हनून कोपऱ्याला घासून घ्यायची, आन शेपटीकडं बघायचं. अठरा वर्षं मी तेच केलं. तुमच्या ट्रकला बी मी तसाच कोपऱ्याला चिकटवतोय, आन त्याचं मागचं चाक आत कापतंय.”

उस्ताद खोकी बाजूला सारत उभे राहिले. रागावणार, असं पहारेकऱ्याला वाटलं होतं. पण त्यांनी सहादेवच्या पाठीवर अशी थाप मारली की धूळ उडाली. “मर्दा, रोग सापडला! आता औषध सोपं हाय. नाक पुढं जाऊ दे. तुज्या खांद्याच्या मागं कोपरा गेला, की मग वळव.”

सोमवार ते बुधवार सहादेव वळला, सरळ झाला, पुन्हा वळला. ड्रम उभेच राहिले. बाकावरच्या मंडळींनी टाळ्या थांबवल्या, कारण आता हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गुरुवारी राजनंदिनीबाई आल्या. चाळिशीच्या, पायात बूट, हातात किल्ल्या. ड्रमांकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

“ड्रम पडला तर उभा करता येतो, भाऊ, भिंत नाही. माझ्या गोडाऊनच्या फाटकातून माझी गाडी आत घेऊन दाखवा. भरलेली आहे.”

गोडाऊन पलीकडच्या गल्लीत होतं. फाटकाची डावी भिंत आधीच्या ड्रायव्हरांनी जागोजाग खरवडलेली. ट्रक रिकाम्या क्रेटांनी भरलेला, ताडपत्री दोन्ही बाजूंनी पोटासारखी फुगलेली. बाकावरची सगळी मंडळी मागोमाग आलेली. सहादेव चढला, शेजारी उस्ताद बसले. बाईंचा नियम असा, की आज उस्तादांनी एक शब्दही बोलायचा नाही.

ट्रक पुढे गेला. नाक फाटकाच्या पलीकडे जाऊ दिलं. मग सहादेवने वळवायला सुरुवात केली. अर्ध्या वळणावर त्याने आरशात बघितलं. आरशात नुसती फुगलेली ताडपत्री. चाक दिसेना.

सहादेवने ब्रेक लावला, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. शांतपणे दार उघडून खाली उतरला.

“आरं, उतरला!” मागून कुणीतरी म्हणालं.

“घाबरला गडी!”

सहादेव मागच्या चाकापाशी गेला. चाक आणि भिंत यांच्यामध्ये हात घातला. चार बोटं. ट्रक तसाच पुढे नेला असता, तर ती चार बोटंही उरली नसती. तो परत चढला, दोन हात मागे घेतला, नाक आणखी पुढे काढलं आणि मग वळला. ट्रक आत गेला. भिंतीचा एक पापुद्राही पडला नाही.

राजनंदिनीबाई मागच्या चाकापाशी येऊन थांबल्या. मग म्हणाल्या, “रामहरीकाका, हा मध्येच उतरला. गाडी दोन डावांत आत घेतली.”

उस्तादांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्याच बोटाने सहादेवकडे दाखवलं.

“म्हणजे मी त्यांनाच विचारू? बरं. काय हो सहादेवभाऊ, लोकांसमोर उतरायला लाज नाही वाटली?”

“ताई, फोर्कलिफ्टवर माल डोळ्याआड आला की थांबायचं, उतरायचं, बघायचं. तिथं कुनी हसत न्हाई. आत काच असती.”

“माझे ड्रायव्हर उतरत नाहीत.”

“ते भिंतीवर दिसतंय की.”

बाकावरच्या मंडळींपैकी कुणीतरी फिस्कन हसलं. बाईंनी खरवडलेल्या भिंतीकडे बघितलं, पुन्हा सहादेवकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून हसू हळूहळू वर आलं, जसा रंगमंचावर दिवा चढतो.

“राहुरीवाल्याला मी नाही म्हणून कळवते,” त्या म्हणाल्या. “पण एक सांगून ठेवते. प्रत्येक कोपऱ्यावर असे उतरलात, तर माल पोचायला उशीर होणार. मग काय करणार?”

सहादेवने सदऱ्याला लागलेला भिंतीचा चुना झटकला आणि त्यांच्या नजरेला नजर देऊन म्हणाला, “उशीर झाला तर मी फोन करीन, ताई. पन तुमच्या गाडीनं आमची भिंत पाडली, आसा फोन तुमाला दुसऱ्या कुनाचा यायचा न्हाई.”