देवाच्या घोड्याला लावलेला कौल

अनगोळात आमच्या गल्लीच्या देवळामागं एक घोडा बांधलेला असायचा. कुणीतरी नवस फेडायला देवाला वाहिलेला. यात्रेला झूल पांघरून पालखीपुढं चालायचा, बाकी वर्षभर तिथंच उभा. बरगड्या रस्त्यावरून दिसायच्या, पण त्याला बिचारा म्हणायची सोय नव्हती. देवाचा घोडा बिचारा कसा असेल? येणारा-जाणारा त्याच्या खुराला हात लावून तो कपाळाला लावी. माझी भक्ती जरा घाईची. ऑफिसला जाताना गाडी चालू ठेवून हेल्मेटमधूनच मान लववायचो. गवत घालायचं काम देवाचं, यावर मात्र सगळ्या गल्लीचं एकमत होतं.

एका संध्याकाळी बायको बाजारातून तणतणत आली. घोड्यानं तिच्या हातातली मेथीची जुडी ओढून घेतली होती.

"अहो, पिशवीसकट खाल्ली. प्लास्टिकची पिशवी! त्याला घरी आणा, न्हाईतर यात्रेपर्यंत जगत न्हाय त्यो."

जागा नाही म्हणावं, तर म्हशी विकल्यापासून गोठा मोकळाच होता. मी म्हटलं, "अण्णाला विचारतो." अवघड प्रश्नाला लग्नापासून माझं हे एकच उत्तर आहे.

अण्णा माझा थोरला भाऊ, देवळाच्या पंचांतला. तो उखडलाच. "देवाचं जनावर दारात बांधतोस व्हय रं? उद्या काय झालं म्हंजे? कौल लावू. देव म्हणंल तसं."

मला हायसं वाटलं. कौल म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बोअर कुठं मारायची, पोरीला कुठलं स्थळ बघायचं, पोराला सायन्सला घालायचं का, आमच्याकडं सगळं असंच ठरतं. चुकलंच तर निदान घरात भांडण होत नाही.

सोमवारी आरतीनंतर पुजाऱ्यानं पाकळ्या लावल्या. मी हात जोडून उभा होतो. मनात काय होतं ते देवालाच ठाऊक, आणि त्यानं ऐकलंही. डावी पाकळी पडली.

"न्हाय म्हणतोय देव," अण्णा म्हणाला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मीही चेहरा शक्य तितका दुःखी केला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आमच्या हिचा आवाज आला. "अण्णा, देवाला काय इचारलं तुम्ही?"

"घोडा घरी न्यायचा का, म्हणून."

"मग आता दुसरं इचारा. हितंच उपाशी मारायचा का, म्हणून. लावा पाकळ्या."

पुजाऱ्याचा हात ताटातच राहिला. लाव म्हणायला कुणी तयार होईना. उजवी पडली तर देवाची अब्रू जाणार, डावी पडली तर आमची. एकाला गॅसवरचं दूध आठवलं, दुसऱ्याला फोन आला.

"असलं देवाला इचारत न्हाईत गं," अण्णा पुटपुटला.

"मग कुणाला इचारायचं?"

आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मुकाट्यानं देवळामागं गेलो आणि दावं सोडलं. ती डावी पाकळी काही डोळ्यांसमोरून हलेना. घोडा मात्र लगेच निघाला. नकार आलाय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर दोन-चार दिवस गोठ्यात भक्तांची रीघ लागली. हिनं नियम केला, आधी गवताची पेंढी, मग नमस्कार. त्याच आठवड्यात गल्लीतली भक्ती ओसरली.

कौल मोडून गेलेलं जनावर पालखीपुढं चालत नाही, असं पंचांनी ठरवलं. यंदाच्या यात्रेत वरातीतली भाड्याची घोडी नाचली. पालखी आमच्या दारावरून गेली तेव्हा आमचा घोडा गव्हाणीत तोंड घालून उभा होता. ढोल-ताशाला त्यानं मान वर केली नाही. बरगड्या अजून दिसतात, पण आता जवळ जावं लागतं.

पालखीपासून अण्णा तेवढा बाजूला झाला. कपाळाला भंडारा, अंगात नवा सदरा. गोठ्यात डोकावून माझ्यावरच खेकसला, "कडबा बारीक तोडून घाल की रं! म्हातारं जनावर हाय, दात झिजलेत त्याचे." आणि कुणी पाहायच्या आत पुन्हा पालखीला खांदा द्यायला पळाला.