लाल शाईने खोडलेली विनंती

त्या वर्षी मी कॉलेज रोडजवळच्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवत होते. येणाऱ्या बहुतेक जणी नर्स होत्या. परदेशातल्या हॉस्पिटलात नोकरी हवी तर इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, आणि एका भागात जरी दर्जा घसरला तरी बाकीचे तीन फुकट. लिहिण्याच्या भागात एका पेशंटचं टिपण हातात देतात आणि त्यावरून दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायला सांगतात. वेळ पाऊण तास.

क्लासच्या सरांकडे अशी चौदा तयार पत्रं होती. डायबेटिसचं एक, हार्टचं एक, न्हाणीघरात पडून खुबा मोडलेल्या आजीचं एक. मुली ड्यूटीवरून थेट यायच्या आणि जिन्यात बसून त्या झेरॉक्स पाठ करायच्या. वरून खाली उतरताना मला प्रत्येक पायरीवर वेगळा आजार ऐकू यायचा.

"आधी पास व्हा," सर म्हणायचे. "भाषा काय, तिकडे गेल्यावर येते."

मला ते सहन व्हायचं नाही. माझे वडील सातपूरच्या कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. गेटवर वाटण्याआधी प्रत्येक पत्रक आमच्या घरात मोठ्याने वाचलं जायचं, आणि एखादा शब्द उसना वाटला की तो जायचा. विशेषण मालकाचं, क्रियापद कामगाराचं, असं वडील सांगायचे. शब्दांच्या जाती मी शाळेच्या आधी तिथे शिकले. त्यामुळे दुसऱ्याचं पत्र पाठ करून आपलं म्हणून देणं मला चोरीसारखंच वाटायचं. आणि सहा वर्षं आयसीयू सांभाळलेल्या बाईला पाऊण तासात स्वतःला सिद्ध करायला लावणारी परीक्षा तर मला मुळातच मान्य नव्हती. त्याच परीक्षेवर माझा पगार चालत होता, हे मी तेव्हा कुणी विचारलं तरच कबूल करायचे.

ती डिसेंबरात आली. सुरगाण्याच्या बाजूची, आश्रमशाळेत शिकलेली, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. क्लासमध्ये सगळे तिला सिस्टर म्हणायचे, मीही. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलने तिला मुलाखतीत निवडलं होतं. मार्च संपायच्या आत परीक्षेचा निकाल पाठवला तर नोकरी, नाहीतर निवड रद्द. एकदा ती नापास झालेली होती, फक्त लिहिण्यात.

"काय चुकलं होतं?" मी विचारलं.

"मॅडम, मी एका माणसाला शुगर लावून दिली."

"म्हणजे?"

"टिपणात त्याला शुगर नव्हती. पण पाठ केलेल्या पत्रात होती. हात थांबलाच नाय. इन्सुलिन पण लिहून मोकळी झाले." ती हसली. मग म्हणाली, "वॉर्डात असं केलं असतं तर?"

त्या दिवशी मी तिची चौदा पत्रं काढून घेतली. मला आयता पुरावाच मिळाला होता.

मी तिला वडिलांच्या पत्रकांबद्दल सांगितलं आणि माझ्या पद्धतीने शिकवायला लागले. टिपण हातात आलं की आधी फक्त क्रियापदं शोधायची. काय झालं, काय केलं, आता काय करायचं. मग नामं, कुणाला आणि कशाने. विशेषण सगळ्यात शेवटी, आणि तेही त्यावाचून अडलं तरच.

"हे तर ओव्हर देतो तसंच हाय की," ती म्हणाली. ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटची माहिती देते, त्याला त्या ओव्हर देणं म्हणतात. "एवढंच होतं तर आधी का नाय सांगितलं कुणी?"

ती झपाट्याने सुधारली. काळ चुकायचा, कधी नामाच्या जागी विशेषण यायचं, पण पत्रातला पेशंट आता टिपणातलाच असायचा. प्रश्न फक्त शेवटाचा होता. प्रत्येक पत्राच्या शेवटी ती एक लांबलचक वाक्य लिहायची. आपण या पेशंटची काळजी घेऊ शकलात तर मी आपली अत्यंत आभारी राहीन, अशा अर्थाचं. मी ते लाल शाईने खोडायचे.

"आभार कसले? उपचार हा पेशंटचा हक्क आहे. दर चार तासांनी ड्रेसिंग बदला. संपलं."

"असं तोडून?"

"तोडून नाही, ताठ."

"मॅडम, सर म्हणतात शेवट गोड पाहिजे."

"सरांना पत्र पेढ्यासारखं लागतं."

पुढच्या पत्रात ते वाक्य परत आलं. मी परत खोडलं. असं दहा-बारा वेळा झालं असेल. एकदा मी वैतागून म्हणाले, "किती दिवस हात जोडत राहणार तुम्ही लोक? इथे अकरा महिन्यांच्या करारावर राबवून घेतात, तरी आभारी. तिकडे जायच्या आधीच आभारी."

तिने वही मिटली. "सहा वेळा अकरा महिने झाले माझे. तुमच्या पत्रकांनी एकदा तरी पर्मनंट केलं असतं, तर मी इथं कशाला बसले असते?" दारापाशी जाऊन ती वळली. "आणि मॅडम, तुम्ही दिलीय का ही परीक्षा?"

मी दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि काही न बोलता पत्र पुढे ठेवलं. शेवट ताठ होता. मला वाटलं, मी जिंकले.

परीक्षा फेब्रुवारीत पुण्याला होती. ती नाइट ड्यूटी करून तशीच सकाळच्या बसने गेली. निकाल मार्चमध्ये येणार होता. ते मधले दिवस मी नीट जेवले नाही. वर्गात क्रियाविशेषण शिकवताना एकच उदाहरण दोनदा द्यायचे आणि मुली एकमेकींकडे बघायच्या. आणि रोज संध्याकाळी ती क्लासच्या पॅसेजमध्ये उभी राहून मोबाइलवर निकालाचं पान उघडायची, बंद करायची, मान हलवून कामावर निघून जायची.

निकाल आला तेव्हा ती माझ्यासमोरच होती. तिने बोटाने स्क्रीन वर सरकवली, मग फोन माझ्या हातात दिला. ऐकण्यात पास. वाचण्यात पास. बोलण्यात तर अपेक्षेपेक्षा वर. लिहिण्यात दर्जा एका पायरीने कमी.

"बघा ना नीट," ती म्हणाली. "मी चुकीचं वाचते का?"

ती बरोबर वाचत होती.

तिने तिथूनच परदेशी पाठवणाऱ्या एजन्सीला फोन लावला. पलीकडची मुलगी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. हिचं मात्र ऐकू येत होतं. "एक महिना तरी... नाय का? बरं. बरं ताई. नाय, तुमची काय चूक." मुदत वाढणार नव्हती. ही जागा गेली. परत परीक्षा, मग परत मुलाखत, परत रांग.

सरांनी आम्हाला आत बोलावलं. त्यांनी तिच्या सरावाची वही मागितली आणि चष्मा लावून पानं उलटायला लागले. मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. भांडणाआधीच्या प्रत्येक पत्राच्या तळाशी माझी लाल रेघ होती.

"पेशंट बरोबर आहे. औषधं बरोबर. सुधारलीय की ही," ते म्हणाले. मग थांबले. "हे काय? 'डॉक्टरांनी हे करावं.' 'तत्काळ कळवा.' सिस्टर, हे पत्र एका मोठ्या सर्जनला आहे. तो काय तुझा वॉर्डबॉय? तपासणारे सूर बघतात, त्याचे मार्क वेगळे असतात. आणि हा शेवट खोडला कुणी?"

"मीच," ती म्हणाली. "घरी तपासताना."

मी गप्प बसले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. सर पुढचं पान उलटतात, मग त्यापुढचं, आणि मी भिंतीवर लावलेल्या पास झालेल्या मुलींच्या फोटोंकडे बघते आहे, एवढं आठवतं. माझ्या घरात चूक कबूल करायला कुणी वेळ लावत नसे. मी लावला.

"खोटं बोलतात त्या," शेवटी मी म्हणाले. "मी खोडलं. प्रत्येक वेळी. त्या लिहीत होत्या, मी खोडत होते."

सरांनी चष्मा काढला. ते ओरडतील अशी माझी तयारी होती, ओरडले असते तर बरं झालं असतं. "सूर माहीत नव्हता का तुला?" एवढंच त्यांनी विचारलं.

माहीत होता. मला तो मान्य नव्हता.

आम्ही बाहेर आलो. मी तिला म्हणाले की तुम्ही आता सरांच्याच बॅचला बसा, माझ्याकडे नको.

"सर परत शुगर लावायला लावतील," ती म्हणाली. मग रिकाम्या वर्गात जाऊन बाकावर बसली. "एक सांगू? रागावू नका. मी ओव्हर देते तेव्हा समोरची घरचं सगळं आवरून, दोन बस बदलून आलेली असते. तिला मी हुकूम सोडला की ती मान हलवते आणि अर्धंच ऐकते. 'जरा बघशील का गं, याचा बीपी उतरतोय' म्हटलं की ती पर्स बाजूला ठेवते. ते मी तिच्यासाठी नाय बोलत. पेशंटसाठी बोलते. तुम्हाला वाटलं मी पाया पडते."

मला तसंच वाटलं होतं.

"पुढची तारीख कधीची?" मी विचारलं.

"एप्रिलची मिळते का बघते. पण आता पद्धत माझी. क्रियापदं तुमची, शेवट माझा." तिने खडू उचलून माझ्या हातात दिला. "लिहा फळ्यावर. मी सांगते."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. खुबा मोडलेली म्हातारी, घरी एकटी, जिना चढता येत नाही. चौदातली नव्हे, तिच्या वॉर्डातली, खरी. शेवटच्या वाक्याला आलो. आपण यांना घरी जाऊन पाहू शकलात तर मी आभारी राहीन. 'आभारी'पाशी माझा हात थांबला.

"लिहा ना मॅडम," ती मागून म्हणाली. "म्हातारी वाट बघतेय."